मानसशास्त्राच्या पदवीचे अंदाजपत्रक

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाने जाणाऱ्या बहुतेक प्रवाशांना उर्से हे नाव केवळ टोलनाक्यामुळे ठाऊक असते. नाक्यापलीकडे मावळ तालुक्यातील एक नांदते गाव आहे, याची जाणीव गाडीच्या काचेतून सहसा होत नाही. एके काळी भाताच्या खाचरांवर जगणाऱ्या या परिसरात केबलपासून मोटारींच्या सुट्या भागांपर्यंत नाना वस्तू बनविणारे कारखाने आले आणि २००२ साली द्रुतगती मार्ग संपूर्ण खुला झाला. एका पिढीच्या अवधीत घराघरांतील दिनक्रम बदलला. सूर्याच्या जागी पाळीचा भोंगा आला. जमिनीच्या तुकड्याची किंमत वाढली आणि तिच्याबरोबर भावाभावांतील तंटेही वाढले. अशा गावांतील मुलेमुली पदवीसाठी तळेगाव दाभाडे, पिंपरी-चिंचवड किंवा पुणे येथे जातात, आणि कला शाखेत अलीकडे ज्या विषयाची ओढ विशेष दिसते, तो विषय म्हणजे मानसशास्त्र.

ही ओढ स्वाभाविकच म्हटली पाहिजे. ज्या गावाचे सारे जीवन डोळ्यांदेखत पालटले, त्या गावातील तरुणाला माणसाच्या मनाविषयी कुतूहल वाटावे, यात नवल नाही. प्रश्न आहे तो या कुतूहलाच्या पदरात पदवीचा अभ्यासक्रम काय टाकतो, हा. तीन वर्षांनंतर हा विद्यार्थी गावाकडे अधिक जाणत्या नजरेने पाहू लागतो, की परदेशी नावांची व व्याख्यांची एक यादी घेऊन बाहेर पडतो? याचे उत्तर अध्यापकाच्या उत्साहावर जितके अवलंबून असते, त्याहून अधिक ते अभ्यासक्रमाच्या आखणीवर अवलंबून असते.

नऊशे तासांची मर्यादा

विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवी अभ्यासक्रमाचा जो आराखडा प्रसिद्ध केला, त्यानुसार तीन वर्षांच्या पदवीसाठी किमान १२० श्रेयांक लागतात. त्यांपैकी ६० मुख्य विषयाचे व २४ दुय्यम विषयाचे असून उरलेले श्रेयांक भाषा, कौशल्ये, मूल्यशिक्षण, अन्य शाखांतील विषय आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव यांत विभागले आहेत. महाराष्ट्र शासनाने २० एप्रिल २०२३ च्या निर्णयाने राज्यासाठी स्वतंत्र चौकट आखली. ती स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून, तर संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाली. तपशिलात फरक असले, तरी मूळ हिशेब सारखाच आहे. एक श्रेयांक म्हणजे १५ तासांचे अध्यापन किंवा ३० तासांचे प्रात्यक्षिक.

या आकड्यांचा सरळ अर्थ असा की, मुख्य विषयाचे ६० श्रेयांक व्याख्यानांच्या मापाने मोजल्यास तीन वर्षांत अवघे ९०० तास भरतात. आठवड्याला ४८ तास राबणारा कामगार इतके तास १९ आठवड्यांत पुरे करतो. प्रत्येकी ४ श्रेयांकांच्या अभ्यासपत्रिका धरल्या, तर एकूण १५ पत्रिका होतात. मानवी मनाचा सारा पसारा या १५ कप्प्यांत बसवावयाचा आहे.

अर्थशास्त्राचा पहिला धडा येथे लागू पडतो. साधने मर्यादित आणि गरजा अनेक असल्या, म्हणजे प्रत्येक निवडीची किंमत ही तिच्यासाठी सोडून दिलेल्या गोष्टीने मोजावी लागते. स्वप्नांच्या उपपत्तीला दिलेला प्रत्येक तास प्रयोगशाळेतून कापलेला असतो. असे असूनही अभ्यासमंडळांच्या बैठकांत चर्चा होते ती ‘काय घालावे’ याचीच. ‘काय काढावे’ हा प्रश्न अप्रिय असल्याने टाळला जातो. परिणामी प्रत्येक पत्रिकेत सर्व काही थोडेथोडे येते आणि विद्यार्थ्याच्या हाती पुरते असे काहीच लागत नाही. अंदाजपत्रकात सर्व खात्यांना खूश ठेवणाऱ्या अर्थमंत्र्याची जी गत होते, तीच अशा अभ्यासक्रमाची होते.

अमेरिकन मानसशास्त्र संघटनेने २०१३ साली पदवी अभ्यासक्रमासाठी जी मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली, त्यांत पाच उद्दिष्टे सांगितली होती. विषयज्ञान हे त्यांतील केवळ एक. उरलेली चार म्हणजे शास्त्रीय चौकशी व चिकित्सक विचार, नैतिक व सामाजिक जबाबदारी, संवादकौशल्य आणि व्यावसायिक विकास. आपल्याकडील प्रश्नपत्रिका मात्र अजूनही पहिल्या उद्दिष्टाभोवतीच घोटाळताना दिसतात.

आधी माप, मग निदान

पंधरा पत्रिका कोणत्या, याइतकाच त्या कोणत्या क्रमाने, हा प्रश्नही महत्त्वाचा आहे. विद्यार्थी ज्या आशेने येतो, ती आशा बहुधा मनोविकार व समुपदेशन यांच्याशी निगडित असते. म्हणून ते विषय लवकर आणावेत आणि रूक्ष वाटणारे संख्याशास्त्र शेवटी ढकलावे, असा मोह होतो. हा मोह घातक आहे. मध्य, प्रमाणित विचलन, सहसंबंध आणि नमुनानिवड यांची ओळख नसलेला विद्यार्थी मनोविकारांचे प्रकरण वाचतो, तेव्हा तो शास्त्र शिकत नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांना नावे ठेवण्यासाठी नवे शब्द तेवढे शिकतो. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरत नाही, हे ज्याच्या अंगी बाणले नाही, त्याच्या हाती निदानाची परिभाषा देणे म्हणजे माकडाच्या हाती कोलीत देणे होय.

म्हणून पहिल्या वर्षी सर्वसामान्य मानसशास्त्राच्या दोन पत्रिका आणि त्यांच्या जोडीला संख्याशास्त्राची एक. दुसऱ्या वर्षी संशोधनपद्धती, प्रायोगिक मानसशास्त्राच्या दोन प्रात्यक्षिक पत्रिका, आणि वर्तनाचा जैविक आधार, विकास व सामाजिक मानसशास्त्र यांची प्रत्येकी एक. तिसऱ्या वर्षी मानसमापन, व्यक्तिमत्त्व, मनोविकार, औद्योगिक मानसशास्त्र, समुपदेशनाची मूलतत्त्वे आणि क्षेत्रप्रकल्प, अशी विभागणी सयुक्तिक ठरेल. बेरीज बरोबर १५ होते. यात सोळावी पत्रिका हवी असणाऱ्याने या पंधरांतील कोणती वगळावी, हेही सांगितले पाहिजे.

प्रायोगिक भागावरचा हा भर काहींना जुनाट वाटेल. वस्तुतः या शास्त्राचा जन्मच प्रयोगशाळेतला. विल्हेल्म वुंट यांनी १८७९ साली लाइप्झिग येथे पहिली प्रयोगशाळा काढली. भारतात १९१६ साली कलकत्ता विद्यापीठात प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग सुरू झाला. पुणे विद्यापीठात १९५० साली प्रा. वा. के. कोठुरकर यांच्या नेतृत्वाखाली या विषयाच्या विभागाची उभारणी झाली, तीही प्रयोगाचाच वारसा घेऊन. या परंपरेतील सर्वांत साधा प्रयोग म्हणजे प्रतिक्रियाकालाचा. दिवा लागला की बटण दाबावयाचे आणि मधला काळ मोजावयाचा. विद्यार्थी तो कंटाळून करतात, वही पुरी करतात आणि विसरून जातात.

परंतु हाच प्रयोग उर्से नाक्याच्या संदर्भात मांडून पाहावा. ताशी १०० किलोमीटर वेगाने धावणारी मोटार एका सेकंदात सुमारे २८ मीटर अंतर कापते. झोप अपुरी झालेल्या चालकाची प्रतिक्रिया अर्ध्या सेकंदाने लांबली, तर ब्रेकवर पाय पडण्यापूर्वीच गाडी १४ मीटर अधिक पुढे गेलेली असते. रात्रपाळीहून दुचाकीने घरी परतणाऱ्या कामगाराची गोष्टही याहून निराळी नाही. तोच कंटाळवाणा प्रयोग पाळीच्या आरंभी व अखेरीस करून पाहिला, तर लाइप्झिगच्या प्रयोगशाळेपासून मावळातील रस्त्यापर्यंतचे अंतर एका तासिकेत ओलांडता येते.

जुन्या आधारवर्षाची मापे

मापनाचा प्रश्न याहूनही नाजूक आहे. महागाई भत्त्यावर ज्यांचा संसार चालतो, त्यांना निर्देशांकाचे आधारवर्ष म्हणजे काय, हे समजावून सांगण्याची गरज नाही. औद्योगिक कामगारांच्या किंमत निर्देशांकाचे आधारवर्ष आधी १९८२ होते, मग २००१ झाले आणि २०२० पासून २०१६ धरण्यात येऊ लागले. लोक काय खरेदी करतात, हे बदलते. म्हणून मापही बदलावे लागते. बुद्धिमापन चाचण्यांतील प्रमाणके हीदेखील एक प्रकारची आधारवर्षेच होत. अमुक वयाची मुले सरासरीने किती प्रश्न सोडवितात, यावर ती ठरतात. जेम्स फ्लिन यांनी १९८४ व १९८७ साली दाखवून दिले की, अनेक देशांत पिढीगणिक हे गुण वाढत गेले. जुन्या प्रमाणकांनी नव्या मुलांना मोजले, तर निष्कर्ष चुकणारच.

आपल्या प्रदेशात या कामाची परंपरा नाही, असे मुळीच नाही. आल्फ्रेड बिने यांची १९०५ ची मापनश्रेणी व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात मराठी व कानडी मुलांसाठी रूपांतरित केली. १९६७ साली तिची सुधारित आवृत्ती निघाली. पुण्यात १९६२ साली डॉ. वि. वि. ऊर्फ अप्पा पेंडसे यांनी स्थापन केलेल्या ज्ञान प्रबोधिनीने बुद्धीच्या विविध अंगांचे मापन करणाऱ्या चाचण्या मराठीत घडविल्या. अशा कामाला चिकाटी लागते आणि ते कधीच ‘पुरे’ होत नाही. पदवीच्या विद्यार्थ्याने नवी चाचणी निर्माण करावी, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. पण चाचणी हाती घेताना ती कोणत्या साली, कोणत्या भाषेत आणि कोणत्या मुलांवर प्रमाणित झाली, हे तीन प्रश्न विचारण्याची सवय त्याला लागलीच पाहिजे. कारण या मापांच्या आधारे एखाद्या मुलाचा शाळेतील मार्ग ठरतो, अपंगत्वाचे प्रमाणपत्र मिळते किंवा नाकारले जाते.

हीच सावधगिरी पाठ्यपुस्तकांच्या बाबतीतही हवी. जेफ्री आर्नेट यांनी २००८ साली सहा प्रमुख अमेरिकन नियतकालिके तपासली, तेव्हा संशोधनातील ९६ टक्के व्यक्ती पाश्चात्त्य औद्योगिक देशांतील असल्याचे आढळले. जगाच्या लोकसंख्येत त्या देशांचा वाटा मात्र सुमारे १२ टक्के. पुढे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या सामूहिक प्रकल्पात मानसशास्त्रातील १०० अभ्यास पुन्हा करून पाहण्यात आले, आणि त्यांपैकी जेमतेम ३६ टक्के अभ्यासांत संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय निष्कर्ष पुन्हा मिळाला. या आकड्यांनी शास्त्र खोटे ठरत नाही. स्वतःला तपासून पाहण्याची त्याची रीत मात्र दिसून येते. ती रीत शिकविण्याचा उत्तम मार्ग म्हणजे छापील प्रयोग आपल्या माणसांवर पुन्हा करून पाहणे. त्याला फार मोठा खर्चही लागत नाही.

गाव हीच प्रयोगशाळा

नव्या चौकटीत क्षेत्रप्रकल्प व प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण यांना श्रेयांक आहेत, ही तिची जमेची बाजू. ४ श्रेयांकांचे प्रशिक्षण म्हणजे १२० तास, अर्थात रोज आठ तासांप्रमाणे १५ दिवस. हे १५ दिवस कसे खर्ची पडतात, यावर पदवीचे पुष्कळसे मोल ठरेल. एखाद्या कचेरीत बसून शिक्क्याचा कागद मिळविण्यातही ते संपू शकतात. कारखान्यातील पाळ्या, झोप आणि घरातील वेळापत्रक यांचा संबंध नोंदण्यातही ते लागू शकतात.

अशा अभ्यासाचे दाखले दूर शोधावयास नकोत. टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी १९५३ साली अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये मागवाल्यांच्या कामाची फेररचना करून पाहिली. यंत्रागणिक विखुरलेल्या कामगारांचे छोटे गट केले आणि कामाची वाटणी गटावर सोपविली, तेव्हा उत्पादन सुधारले व वाया जाणारे कापड कमी झाले. दुर्गानंद सिन्हा यांनी भारतीय खेड्यांतील लोकांच्या प्रेरणांचा अभ्यास करून १९६९ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. कारखाना आणि खेडे एकाच शिवारात नांदत असलेल्या उर्से परिसरात या दोन्ही अभ्यासांचा वारसा एकत्र चालविता येईल.

मात्र येथे एक मर्यादा स्पष्ट आखली पाहिजे. उर्से परिसरातच, बऊर येथे, ९ ऑगस्ट २०११ रोजी पवना जलवाहिनीविरोधी आंदोलनाच्या वेळी झालेल्या गोळीबारात तीन शेतकरी आंदोलकांचा बळी गेला. या प्रसंगाच्या आठवणी परिसरात आजही जाग्या आहेत. अशा दुःखाच्या दारात वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने प्रश्नावली घेऊन उभे राहावे काय? पुरेशी तयारी, अध्यापकाची देखरेख आणि समोरच्याची खुली संमती यांवाचून मुळीच नाही. माहिती गुप्त राखणे, नकाराचा मान राखणे आणि स्वतःच्या आवाक्याबाहेरचे दिसताच ते जाणकाराकडे सोपविणे, हे नियम क्षेत्रप्रकल्पाच्या आधी शिकविले जावयास हवेत. नीतितत्त्वांचा धडा शेवटच्या सत्रातील शेवटच्या प्रकरणात ठेवणारा आराखडा घोड्यापुढे गाडी जुंपतो.

पदवी म्हणजे परवाना नव्हे

बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात सुमारे १०.६ टक्के प्रौढांत मानसिक विकार आढळले. त्यांपैकी बहुसंख्यांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते. विशेष म्हणजे सर्वेक्षणाच्या १२ राज्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता. गरज मोठी आहे, हे उघड आहे. त्यामुळेच तीन वर्षांची पदवी मिळताच ‘समुपदेशक’ अशी पाटी लावण्याचा मोहही मोठा आहे. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करण्यासाठी पुढील विशेष शिक्षण आणि भारतीय पुनर्वसन परिषदेकडील नोंदणी आवश्यक असते. ही गोष्ट प्रवेशाच्या दिवशीच विद्यार्थ्याला व त्याच्या पालकांना स्वच्छ शब्दांत सांगितली जावी. कर्ज काढून शिकणाऱ्या घराला तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस ती कळणे, हा अन्याय आहे.

मग पदवीधराने करावे काय? पुष्कळ काही. कामगार कल्याण, कर्मचारी निवड, शालेय साहाय्य, सर्वेक्षण, सामाजिक संस्था, शासकीय सेवा या क्षेत्रांत माणूस नीट ऐकणारा आणि आकडा नीट वाचणारा पदवीधर हवाच असतो. मानसशास्त्राच्या जोडीला दुय्यम विषय अर्थशास्त्र घेतल्यास तर दोन्हींना लाभ होतो. मर्यादित विवेकाची कल्पना मांडणारे हर्बर्ट सायमन यांना १९७८ साली आणि निर्णयातील प्रमाद दाखविणारे मानसशास्त्रज्ञ डॅनिएल काहनमन यांना २००२ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, हे या सोयरिकीचे पुरावे आहेत. जमिनीचे पैसे हाती आल्यावर कुटुंबे ते कसे खर्चतात, हा प्रश्न मावळात कोणत्या विषयाचा म्हणावयाचा?

आणखी एक घटना लक्षात घेण्याजोगी आहे. आरोग्यसेवा व्यवसायांच्या २०२१ च्या कायद्याखाली येणारे विषय, आणि त्यांत मानसशास्त्रही, जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून दूरस्थ वा ऑनलाइन पद्धतीने शिकविण्यास विद्यापीठ अनुदान आयोगाने मनाई केली. प्रात्यक्षिकावाचून हा विषय शिकविता येत नाही, ही त्यामागील भूमिका तत्त्वतः योग्यच आहे. परंतु पाळीत काम करीत पत्रद्वारा शिकू पाहणाऱ्या तरुणापुढे दार बंद झाले, हेही तितकेच खरे. त्याच्यासाठी सकाळची किंवा सायंकाळची तुकडी आणि सलग लागणाऱ्या प्रात्यक्षिकांची सोय करणे, ही आता परिसरातील महाविद्यालयांची जबाबदारी ठरते.

आक्षेप आणि उत्तर

या साऱ्यावर नेहमीचा आक्षेप असा की, अध्यापकांच्या जागा रिकाम्या, प्रयोगशाळा तोकड्या, वर्ग भरगच्च. मग हे मनोराज्य कशाला? अडचणी खऱ्या आहेत, आणि रिक्त जागा भरणे हे शासनाचे कर्तव्य आहे, यातही वाद नाही. तथापि साधने तोकडी असतात, तेव्हाच नियोजनाची गरज अधिक असते. ज्याच्या घरी धान्याची कोठारे भरलेली आहेत, त्याला पसा मोजण्याचे कारण पडत नाही. प्रतिक्रियाकाल मोजण्यास आज घड्याळ व एक साधा मोबाइल पुरतो. प्रश्नावलीस कागद लागतो. सहसंबंध काढण्यास डोके लागते.

दुसरा आक्षेप भाषेचा. चांगली पुस्तके इंग्रजीत आणि विद्यार्थी मराठी माध्यमाचा, ही कुचंबणा जुनी आहे. पण क्षेत्रात उतरल्यावर ही दुर्बलता बळ ठरते. उर्से येथील आजी आपल्या अस्वस्थतेला ‘जिवाची उलघाल’ म्हणते, कोणी ‘डोके बधिर झाले’ म्हणतो, कोणी ‘काळजाला घोर लागला’ म्हणतो. या शब्दांचा नेमका अर्थ टिपून तो शास्त्राच्या परिभाषेशी जोडून दाखविणे, हे काम मराठी विद्यार्थ्याइतके चांगले दुसरा कोणी करू शकणार नाही.

अभ्यासक्रम हा अखेर समाजाने आपल्या तरुणांच्या वेळेचा केलेला खर्च असतो. उर्से आणि भोवतालच्या गावांतील घरांनी मुलांच्या तीन वर्षांची मजुरी सोडून हा खर्च सोसलेला असतो. त्या ९०० तासांचा हिशेब अभ्यासमंडळांनी आणि महाविद्यालयांनी त्या घरांना द्यावयाचा आहे. प्रत्येक पत्रिकेसमोर ‘हिने विद्यार्थ्याला काय करता येऊ लागेल?’ हा एक रकाना ठेवला आणि तो प्रामाणिकपणे भरला, तरी या हिशेबाची चांगली सुरुवात होईल. ज्या पत्रिकेसमोर तो रकाना कोरा राहील, ती कितीही मान्यवर असली, तरी तिने आपले साठ तास दुसरीला द्यावेत.